तिशीत युरिक अ‍ॅसिड वाढलंय? गोळीआधी काय तपासायचं, काय बदलायचं

हेल्थ चेकअपचा रिपोर्ट मोबाइलवर येतो. चार पानं, पन्नासेक आकडे, आणि त्यातला एक ठळक अक्षरात: युरिक अ‍ॅसिड ७.९. वय एकतीस. सांधे दुखत नाहीत, लघवीची तक्रार नाही, रात्री झोप लागते. घरातलं कुणीतरी लगेच सांगतं, डाळी सोड, टोमॅटो सोड. मित्र एका गोळीचं नाव सुचवतो, कारण त्याच्या वडिलांना ती चालू आहे.

या वाटेने मीही गेलोय. तेहतिसाव्या वर्षी माझा आकडा ८.१ आला. त्याच संध्याकाळी मी पालक, फ्लॉवर आणि डाळींना रामराम ठोकला आणि सहा आठवडे नेटाने पथ्य पाळलं. पुन्हा तपासलं तर ८.०. रोज दुपारी कामाच्या टेबलावर उघडणारा गोड सोड्याचा कॅन मात्र त्या सहा आठवड्यांत एक दिवसही चुकला नव्हता. त्यात प्युरिन नसतं असं मी वाचलं होतं. ते खरंच नसतं. तरीही चोर तोच होता; कसा, ते पुढे येईल.

तरुण वयात हा आकडा बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाची तरी चहाडी करत असतो. पोटाच्या घेराची, इन्सुलिनची, बीपीची, आणि क्वचित मूत्रपिंडाची. चहाडखोराचं तोंड बंद करण्याआधी तो काय सांगतोय ते ऐकून घ्यायचं, एवढ्यासाठी हा लेख. पायऱ्या क्रमानेच घ्या. घाईने शेवटच्या पायरीवर उडी मारली की माझ्यासारखे सहा आठवडे फुकट जातात.

पायरी १: हौद, नळ आणि मोरी

युरिक अ‍ॅसिड म्हणजे शरीराच्या रोजच्या झाडलोटीचा केर. पेशी जुन्या होऊन तुटतात, त्यांच्यातल्या डीएनएचे तुकडे होतात आणि त्या तुकड्यांतल्या प्युरिन नावाच्या घटकाचा शेवट युरिक अ‍ॅसिडमध्ये होतो. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे हा केर आणखी फोडून पाण्यात सहज विरघळवणारं युरिकेज नावाचं एन्झाइम असतं. माणसाकडे त्याचा जनुक अजून आहे, पण मोडका. म्हणून इतर प्राण्यांच्या मानाने आपल्या रक्तातली पातळी मुळातच वरची असते.

आता हिशेब. रोज जमा होणाऱ्या युरिक अ‍ॅसिडपैकी साधारण दोन तृतीयांश शरीराच्या आतल्या कामातून येतं आणि फक्त एक तृतीयांश खाण्यातून. बाहेर पडताना दोन तृतीयांश लघवीवाटे जातं, उरलेलं आतड्यावाटे. मूत्रपिंड मात्र चमत्कारिक काम करतं: गाळलेल्या युरिक अ‍ॅसिडपैकी जवळजवळ ९० टक्के पुन्हा रक्तात ओढून घेतं.

हौदाची पातळी वाढली की नळ जास्त सुटलाय की मोरी तुंबलीय हे बघावं लागतं. बहुतेक लोकांत मोरी तुंबलेली असते. आणि ती तुंबवणाऱ्यांत इन्सुलिनचा मोठा हात असतो. रक्तात इन्सुलिन सतत जास्त राहिलं की मूत्रपिंड मीठही जास्त परत ओढतं आणि युरिक अ‍ॅसिडही. बीपी आणि युरिक अ‍ॅसिड एकाच माणसात हातात हात घालून वर चढताना दिसतात, त्याचं एक कारण हे.

शरीराच्या तापमानाला युरेट, म्हणजे रक्तात विरघळलेल्या रूपातलं युरिक अ‍ॅसिड, साधारण ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपर्यंतच विरघळलेलं राहू शकतं. त्यापुढे सुईसारखे स्फटिक जमण्याची शक्यता सुरू होते, आणि शरीराचे थंड भाग आधी सापडतात. गाऊटचा, म्हणजे हे स्फटिक सांध्यात जमून होणाऱ्या संधिवाताचा, पहिला झटका बहुधा पायाच्या अंगठ्याला येतो त्यात या थंडपणाचाही वाटा आहे.

पायरी २: आकडा खरा आहे का ते पाहा

एका रिपोर्टवर काहीही ठरवू नका. आदल्या दिवशी जिममध्ये जीव तोडून व्यायाम झाला असेल, मद्यपान झालं असेल, ताप येऊन गेला असेल, पाणी कमी पडलं असेल किंवा लांबलचक उपवास झाला असेल, तर आकडा वर जातो. उपवासात आणि कीटो आहारात रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे पदार्थ, वाढतात. तेही मूत्रपिंडाच्या त्याच दारातून बाहेर पडू पाहतात आणि युरिक अ‍ॅसिड रांगेत मागे राहतं.

म्हणून तीन-चार आठवड्यांनी, साध्या आठवड्यात, पुन्हा रक्त द्या. आधीचे दोन-तीन दिवस जड व्यायाम आणि मद्य टाळा, पाणी नेहमीसारखं प्या. शक्यतो त्याच लॅबमध्ये जा. रिपोर्ट मायक्रोमोलमध्ये आला तर ५९.५ ने भागा. ४०५ म्हणजे साधारण ६.८.

एक उलटा सापळाही आहे. गाऊटचा झटका चालू असताना घेतलेला आकडा चक्क नॉर्मल येऊ शकतो. अंगठा लालबुंद सुजलाय आणि युरिक अ‍ॅसिड ६.२ आलंय म्हणून गाऊट नाही, असं धरू नये. झटका ओसरल्यावर दोन-एक आठवड्यांनी परत बघावं.

याच वेळी चालू औषधांची यादी करा. बीपीसाठीची थायाझाइड गटातली लघवी वाढवणारी औषधं, सूज उतरवणारं फ्युरोसेमाइड, कमी मात्रेतली अ‍ॅस्पिरिन, क्षयरोगावरचं पायराझिनामाइड, अवयव प्रत्यारोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन ही सगळी आकडा चढवतात. यातलं काही चालू असेल तर स्वतःहून बंद करायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं. पर्याय असू शकतो. बीपीसाठीचं लोसार्टन युरिक अ‍ॅसिड थोडं उतरवतं, हे उदाहरणादाखल.

पायरी ३: आपण कोणत्या पट्ट्यात बसतो

लॅबची छापील मर्यादा पुरुषांसाठी साधारण ७ आणि स्त्रियांसाठी ६ असते. फरक इस्ट्रोजेनचा आहे. ते मूत्रपिंडाला युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकायला मदत करतं, म्हणून पाळी चालू असलेल्या वयात स्त्रियांची पातळी कमी असते. त्यामुळेच तिशीतल्या स्त्रीचं ६.७ मला तिशीतल्या पुरुषाच्या ७.१ पेक्षा जास्त बोलकं वाटतं. तिला नैसर्गिक सवलत असूनही आकडा चढलाय, म्हणजे मागे काहीतरी जोर लावतंय.

७ ते ८.९ या पट्ट्यातल्या माणसाला गाऊट होईलच असं नाही. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका दीर्घकालीन अभ्यासात या पट्ट्यातल्या पुरुषांपैकी वर्षाला फक्त ०.५ टक्के लोकांना गाऊट झाला. ९ किंवा त्यापुढे तेच प्रमाण ४.९ टक्के होतं. म्हणजे ७.८ वाल्याने झोप उडवून घेण्याचं कारण नाही, आणि ९.६ वाल्याने रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकून विसरू नये.

पायरी ४: टेप, बीपीचं यंत्र आणि रिपोर्टची बाकीची पानं

चहाडी कुणाची आहे ते इथे कळतं. पाच गोष्टी एका कागदावर उभ्या मांडा. पोटाचा घेर. बीपी, १३०/८५ किंवा जास्त आहे का. उपाशीपोटी साखर, १०० किंवा जास्त आहे का. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १५० किंवा जास्त आहे का. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, पुरुषात ४० च्या आणि स्त्रीत ५० च्या खाली आहे का. पाचपैकी तीन जमल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. युरिक अ‍ॅसिड या पाचांत नाही, पण या मंडळींच्या आसपास ते कायम दिसतं.

घेर बहुतेक लोक चुकीचा मोजतात, पँटच्या पट्ट्याच्या जागी. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये टेप ठेवा, सहज श्वास सोडा आणि मोजा. पोट आत ओढायचं नाही, टेपला फसवून काय मिळणार? वेगवेगळ्या वंशांच्या लोकांसाठी मर्यादा वेगळ्या आहेत, म्हणून लक्षात ठेवायला सोपं माप असं: घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. उंची १७० सेंटिमीटर असेल तर ८५ च्या आत.

बीपी दवाखान्यात धावतपळत जाऊन एकदाच मोजू नका. घरी सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकलेली, पाय जमिनीला लागलेले, दंड छातीच्या पातळीवर. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी धरा.

साखरेबरोबर एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी, करून घ्या. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. साखर अजून ९५ आहे म्हणून निर्धास्त होणाऱ्या तरुणांनी ट्रायग्लिसराइड आणि एचडीएलकडे नीट बघावं. इन्सुलिन दुप्पट काम करून साखर काबूत ठेवत असतं तेव्हा ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल खाली, ही जोडी आधी दिसू लागते. माझ्या ८.१ च्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड २१२ आणि एचडीएल ३६ होतं, आणि मी पालकावर रागावलो होतो.

मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसभर पेंग येणं असेल तर तेही त्याच कागदावर लिहा. झोपेत ऑक्सिजन वारंवार घसरला की बीपी आणि साखरेबरोबर युरिक अ‍ॅसिडचीही घडी बिघडते.

पायरी ५: मूत्रपिंडाचे दोन प्रश्न

या पायरीवर थोडं थांबू या, कारण तरुणांत सगळ्यात जास्त चूक इथे होते. “क्रिएटिनिन नॉर्मल आहे” एवढं वाचून पान उलटलं जातं.

क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा रक्तातला केर, १.१ घ्या. लॅबच्या मर्यादेत बसतं. २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात हा आकडा बत्तीस वर्षांच्या पुरुषासाठी टाकला तर ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाचा गाळण्याचा अंदाजे वेग, ९१ येतो. बत्तीस वर्षांच्याच स्त्रीसाठी तोच १.१ टाकला तर ६८. आकडा तोच, अर्थ वेगळा. त्याच पुरुषाचं क्रिएटिनिन १.३ झालं तर ईजीएफआर ७५ वर येतो. म्हणून क्रिएटिनिन एकटं कधी वाचू नका. रिपोर्टात ईजीएफआर छापला नसेल तर लॅबला मागा किंवा वय, लिंग आणि क्रिएटिनिन देऊन त्या सूत्राच्या कॅल्क्युलेटरवर काढा.

पण याची दुसरी बाजूही आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. वजनं उचलून दंड कमावलेला, क्रिएटिनची पावडर घेणारा, आदल्या रात्री भरपूर शिजवलेलं मांस खाल्लेला तरुण सकाळी रक्त देतो आणि १.३५ येतं. मूत्रपिंड ठणठणीत असू शकतं. अशा वेळी क्रिएटिन काही आठवडे बंद ठेवून, दोन दिवस व्यायाम टाळून पुन्हा तपासावं आणि जोडीला सिस्टॅटिन सी ही रक्ततपासणी करावी. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. उलट अगदी बारीक, स्नायू कमी असलेल्या माणसात क्रिएटिनिन खोटं चांगलं दिसतं.

दुसरा प्रश्न गाळणी फाटलीय का हा. त्यासाठी लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर, एसीआर. साधी, वेदना नसलेली तपासणी, आणि चेकअपच्या पॅकेजात बहुधा नसते. सकाळची पहिली लघवी द्या. ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा दमवणारा व्यायाम असेल तर पुढे ढकला. ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या आत हवं. जास्त आलं तर घाबरून न जाता तीन महिन्यांत आणखी दोनदा करा. तीनपैकी दोनदा जास्त आलं तर ते खरं.

ईजीएफआर ६० च्या खाली किंवा एसीआर ३० च्या वर, आणि हे तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं, याला मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार म्हणतात. ईजीएफआर ९५ आणि एसीआर ८० असलेला तरुणही त्यात येतो. त्याला दुखत काहीच नसतं आणि साध्या चेकअपमध्ये तो सापडतही नाही, म्हणून एसीआरवर माझा एवढा भर.

मुतखडा होऊन गेला असेल तर लघवीचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (कमी तेवढी आंबट), बघा. इन्सुलिन नीट काम करेनासं झालं की मूत्रपिंड पुरेसा अमोनिया बनवत नाही आणि लघवी आंबट राहते. पीएच ५.५ च्या खाली राहिला की युरिक अ‍ॅसिडचे खडे जमतात, रक्तातला आकडा नॉर्मल असला तरी. हे खडे साध्या एक्स-रेत दिसत नाहीत, सोनोग्राफी किंवा सीटी लागतो. त्यांची एक चांगली गोष्ट म्हणजे लघवीचा आंबटपणा औषधाने कमी केला की ते विरघळू शकतात. कॅल्शियमच्या खड्यांचं तसं नाही, म्हणून पडलेला खडा फेकू नका, तपासायला द्या.

मध्येच एक प्रश्न: कोणामुळे कोण?

युरिक अ‍ॅसिडमुळे मूत्रपिंड बिघडतं की मूत्रपिंड मंदावल्यामुळे युरिक अ‍ॅसिड साठतं? मोरी तुंबली की हौद भरणारच, त्यामुळे दुसरी दिशा नक्की आहे. पहिलीबद्दल बरीच वर्षं आशा होती. २००८ साली ३० किशोरवयीन मुलांवरचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. नुकतंच उच्च रक्तदाबाचं निदान झालेल्या या मुलांना अ‍ॅलोप्युरिनॉल हे युरिक अ‍ॅसिड उतरवणारं औषध दिल्यावर अनेकांचं बीपी उतरलं. त्यावरून युरिक अ‍ॅसिड उतरवा, बीपी आणि मूत्रपिंड दोन्ही वाचवा, असा उत्साह पसरला.

मग २०२० मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकाच वेळी आले. सीकेडी-फिक्समध्ये मूत्रपिंडाचा आजार पुढच्या टप्प्यात गेलेले लोक होते, पर्लमध्ये टाइप १ मधुमेह असलेले. दोन्हीकडे अ‍ॅलोप्युरिनॉलने युरिक अ‍ॅसिड छान उतरलं आणि मूत्रपिंडाच्या घसरणीवर मात्र काही फरक पडला नाही. लक्षणं नसलेल्या माणसाला फक्त आकड्यासाठी गोळी द्यावी का, याचं अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमधलं उत्तर सर्वसाधारणपणे नाही असं आहे.

आकडा फालतू आहे असा याचा अर्थ नव्हे. वाढलेलं युरिक अ‍ॅसिड पुढे बीपी, मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार होण्याशी जोडलेलं असतं, हे निरीक्षण पक्कं आहे. फक्त धागा बहुधा इन्सुलिन आणि पोटावरच्या चरबीतून जातो, म्हणून काम तिथे करायचं.

पायरी ६: काय बदलायचं, आणि कोणत्या क्रमाने

पहिला नंबर गोड पेयांचा. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतं. ३३० मिलीच्या गोड सोड्याच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर, म्हणजे सतरा-अठरा ग्रॅम फ्रुक्टोज, दोन-चार मिनिटांत पोटात. यकृतात त्याच्यावर काम करणारं एन्झाइम बेफाम आहे, त्याला लगाम नाही. ते पेशीतलं इंधन, एटीपी, भराभर खर्च करतं. खर्च झालेल्या एटीपीचे अवशेष प्युरिनच असतात आणि त्यांचं युरिक अ‍ॅसिड होतं. त्याच यकृतात त्याच वेळी चरबीही तयार होते. डब्यातला किंवा घरी काढलेला फळांचा रसही यातच धरा. अख्खं फळ वेगळं. चावून खाताना साखर हळू पोहोचते आणि एका वेळी तेवढी जातही नाही. कुणी फक्त एकच बदल करणार असेल तर तो हाच करावा.

दुसरं मद्य. बिअर सगळ्यात वाईट, कारण तिच्यात अल्कोहोलबरोबर प्युरिनही असतं. अल्कोहोल पचताना लॅक्टेट वाढतं आणि ते मूत्रपिंडात युरिक अ‍ॅसिडची वाट अडवतं.

तिसरं वजन, पण सावकाश. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे. झटपट वजन उतरवणाऱ्या आहारात पहिल्या काही आठवड्यांत युरिक अ‍ॅसिड उलट चढतं, आणि ज्यांना गाऊट आहे त्यांना झटकाही येऊ शकतो. घेर कमी होतोय आणि युरिक अ‍ॅसिड तात्पुरतं वाढलंय, असं दिसलं तर वाट बघा, वजन स्थिर झाल्यावर तपासा.

व्यायाम रोजचा आणि मध्यम असू द्या, आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारा. महिन्यातून एकदा अंगात आल्यासारखा नको.

प्युरिनचं पथ्य मी मुद्दाम खाली ठेवलंय. काळीज, यकृत, गुर्दा, छोटे मासे, शिंपले, भरपूर लाल मांस यांनी आकडा वाढतो. ते कमी करा. डाळी, पालक, फ्लॉवर, मशरूम यांच्यातही प्युरिन असतं, पण २००४ साली प्रसिद्ध झालेल्या हजारो पुरुषांच्या अभ्यासात प्युरिनवाल्या भाज्या खाणाऱ्यांना गाऊट जास्त झाल्याचं दिसलं नाही. डाळी सोडून लोक त्या जागी मैदा किंवा मांस खातात, तो सौदा तोट्याचा. कमी स्निग्धांशाचं दूध-दही उलट फायद्याचं दिसतं. कॉफी पिणाऱ्यांत पातळी थोडी कमी आढळते, पण म्हणून न पिणाऱ्याने सुरू करायला नको.

अपेक्षा माफक ठेवा. केवळ प्युरिन कमी करून आकडा बहुधा साधारण १ नेच कमी होतो. ९.८ चं ५.८ पथ्याने होत नाही. तिथे आनुवंशिकता आणि मूत्रपिंडाची ठेवण काम करत असते, त्यात तुमची चूक नाही.

पाण्याबद्दल एवढंच: खडा होऊन गेला असेल तर दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतकं प्यावं. इतरांनी तहानेप्रमाणे प्यावं, लघवी फिकट राहिली की झालं.

पायरी ७: गोळ्या, हव्या त्या आणि नको त्या

नको त्या आधी. अंग दुखलं, गुडघा दुखला की आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्या खाण्याची सवय जिमला जाणाऱ्या तरुणांत फार. मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा या गोळ्या कमी करतात. पाणी कमी पडलेलं असताना घेतल्या तर धोका आणखी वाढतो. ईजीएफआर कमी किंवा एसीआर जास्त असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नको. माझ्या मते युरिक अ‍ॅसिड ७.८ असण्यापेक्षा आठवड्यातून चारदा डायक्लोफेनॅक घेणं मूत्रपिंडाला जास्त महागात पडतं. तरीही घरोघरी काळजी होते ती ७.८ ची.

युरिक अ‍ॅसिड उतरवणारी गोळी खरोखर कोणाला? वर्षात गाऊटचे दोन किंवा जास्त झटके आले, कातडीखाली युरेटच्या गाठी झाल्या किंवा एक्स-रेत सांध्याची झीज दिसली, तर नक्की. पहिलाच झटका असला तरी आकडा ९ च्या वर, मुतखडा किंवा ईजीएफआर ६० च्या खाली असेल, तर डॉक्टर लवकर सुरू करण्याचा विचार करतात. तेव्हा लक्ष्य ६ च्या खाली आणणं असतं आणि गोळी दीर्घकाळ चालते.

अ‍ॅलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. सुरुवातीच्या महिन्यांत जुने स्फटिक हलतात आणि झटके येऊ शकतात. म्हणून तीन ते सहा महिने जोडीला कोल्चिसिनसारखं झटके रोखणारं औषध देतात. झटका आला म्हणून अ‍ॅलोप्युरिनॉल स्वतःहून बंद करायचं नाही. मात्र अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. काही वंशांच्या लोकांत एचएलए-बी*५८०१ हा जनुकप्रकार असेल तर ही प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते, म्हणून त्यांच्यात आधी तपासणी करतात.

पायरी ८: इथे थांबायचं नाही

विशी-तिशीत खराखुरा गाऊट झाला, आणि घरात आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला तरुणपणी गाऊट किंवा डायलिसिसपर्यंत गेलेला मूत्रपिंडाचा आजार असेल, तर मूत्रपिंडतज्ज्ञांना दाखवा. यूएमओडी नावाच्या जनुकातल्या दोषाने होणारा एक आनुवंशिक आजार नेमका असाच दिसतो: लघवीत प्रथिनं जवळजवळ नाहीत, सोनोग्राफीत विशेष काही नाही, युरिक अ‍ॅसिड वाढलेलं आणि ईजीएफआर वर्षागणिक खाली.

लघवी फेसाळ होत असेल आणि फेस टिकत असेल, लघवीतून रक्त, पायावर किंवा डोळ्यांभोवती सूज, बीपी १८०/१२०, कुशीत असह्य कळ आणि सोबत ताप, सांधा एकदम गरम-लाल आणि थंडी वाजून ताप, यांपैकी काहीही असेल तर पुढच्या चेकअपची वाट बघू नका. तापासह सुजलेला सांधा जंतुसंसर्गाचाही असू शकतो, आणि तो गाऊट समजून घरी शेकत बसणं घातक.

पायरी ९: वहीचं एक पान

रिपोर्टांची चवड नेण्यापेक्षा एक पान न्या. उभे रकाने असे: तारीख, वजन, घेर, बीपीची घरची सरासरी, साखर, एचबीए१सी, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, क्रिएटिनिन, ईजीएफआर, एसीआर, युरिक अ‍ॅसिड. शेवटचा रकाना शेराचा: “आदल्या दिवशी दहा किलोमीटर धावलो”, “सर्दीचा ताप”, “नवी बीपीची गोळी”.

पहिली ओळ आजच्या आकड्यांची. गोड पेयं बंद करून आणि चालणं सुरू करून बारा आठवड्यांनी दुसरी ओळ भरा. त्याआधी तपासून काही कळत नाही, घेर आणि ट्रायग्लिसराइडला तेवढा वेळ लागतोच. सगळं मर्यादेत असेल तर नंतर वर्षातून एकदा पुरे. एसीआर किंवा ईजीएफआर बिघडलेला असेल, किंवा बीपी-मधुमेहाचं औषध सुरू झालं असेल, तर किती महिन्यांनी तपासायचं ते डॉक्टर ठरवतील.

माझ्या पानावरची दुसरी ओळ सांगतो. कॅन बंद, घेर ९६ वरून ९१, ट्रायग्लिसराइड १४८, एसीआर ९, युरिक अ‍ॅसिड ७.२. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय: डाळी पुन्हा सुरू.